पुसदहून अमरावतीस, आणि त्यापुढे

पुसदच्या एखाद्या महाविद्यालयाने लॉन टेनिसचा संघ उभा केला आणि तो दिग्रस, दारव्हा, नेर या वाटेने आंतर-महाविद्यालयीन सामन्यांकरिता अमरावतीस रवाना झाला, तर त्या संघाच्या मोसमाचा आरंभ आणि बहुधा त्याची अखेरही त्या एकाच प्रवासात सामावलेली असते. अमेरिकेतील विद्यापीठांचे टेनिस-संघ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत एकमेकांशी सामने खेळून आपली योग्यता सिद्ध करतात आणि मगच मोसमोत्तर स्पर्धेच्या दाराशी येऊन उभे राहतात. आपल्याकडे ही पूर्वतयारी जवळजवळ नाहीच, आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच प्रतिस्पर्ध्यासमोर सर्वस्व पणाला लागते. या भेदाचा परिणाम खेळाडूच्या घडणीवर किती खोल होतो, याचा विचार आपल्या क्रीडाव्यवहारात फारसा झालेला दिसत नाही.

प्रथम आपली व्यवस्था पाहू. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील महाविद्यालये आपसांत खेळतात, त्यांतून निवड समिती काही मोजके खेळाडू उचलते आणि त्यांचा विद्यापीठाचा संघ बनतो. तो पश्चिम विभागीय आंतर-विद्यापीठ स्पर्धेत उतरतो, तेथे पुण्या-मुंबईच्या संघांशी आणि गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील विद्यापीठांशी त्याची गाठ पडते, आणि प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. १९२५ साली आंतर-विद्यापीठ मंडळ म्हणून जन्मलेल्या आणि पुढे भारतीय विद्यापीठ संघ या नावाने रूढ झालेल्या संस्थेच्या देखरेखीखाली हा सारा कारभार चालतो. खेळाडूचे वय सतरा ते पंचवीस या मर्यादेत असावे लागते; दाखले, गुणपत्रिका, प्राचार्यांची सही असा सरंजाम महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकाला वेळेवर रुजू करावा लागतो, आणि त्यात कसूर झाली तर उत्तम खेळाडूही घरी बसतो.

या रचनेतील मर्माची गोष्ट अशी की, पहिली पायरी ओलांडताच महाविद्यालयाचा संघ विसर्जित होतो. पुसदचा मुलगा निवडला गेला, तर त्याच्या अंगावर विद्यापीठाचा कलर कोट चढतो, त्याचे छायाचित्र नोटीस बोर्डावर लागते आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच्यासह गेलेले त्याचे दोन सोबती मात्र परतीच्या बसमध्ये बसतात. मोसमोत्तर खेळ आपल्याकडे व्यक्तीच्या वाट्याला येतो, संघाच्या नव्हे. त्यातही आंतर-विद्यापीठ लढतीत दोन एकेरी व एक दुहेरी असे तीनच सामने असल्यामुळे ज्या संघाजवळ दोन खरे खेळाडू आहेत, त्याला तिसऱ्याचौथ्याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. संघ या शब्दाखाली खरे तर एक जोडीच खेळत असते.

टेनिस आपल्या मुलुखात खोल रुजले नाही याची कारणे या नियमांहूनही जुनी आहेत. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आले, आणि एकंदर वऱ्हाडात हा खेळ आला तो अंमलदारांच्या वसाहतींत, कचेऱ्यांच्या आसपासच्या क्लबांत. कुस्ती, खो-खो, कबड्डी यांना नुसती जमीन पुरते, तर टेनिसला अठ्ठ्याहत्तर फूट लांब आणि दुहेरीकरिता छत्तीस फूट रुंद असे रेखलेले क्रीडांगण, सभोवार धावण्यास मोकळी जागा आणि चेंडू सारखा उसळेल अशी बैठक लागते. पूस नदीच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला कितीही मानवत असली, तरी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाय धरून ठेवते. तिच्यावर मुरूम, खडी यांचा पक्का थर दिल्यावाचून टेनिसचे मैदान होत नाही, आणि दिल्यानंतरही दरवर्षी त्याची निगा राखावी लागते. ज्या अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाची एवढी मोठी परंपरा उभी केली आणि ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके दाखविली, त्या प्रदेशात शरीरसाधनेची ओढ नव्हती असे कोण म्हणेल? उणीव होती ती सोयींची.

आता अमेरिकेची पद्धत पाहावी, कारण तेथील लढतीची मांडणी विलक्षण बोधक आहे. दोन विद्यापीठांच्या लढतीत एकूण सात गुण असतात. आरंभी तीन दुहेरी सामने एकाच वेळी होतात आणि त्यांपैकी दोन जिंकणाऱ्याला एकच गुण मिळतो. नंतर सहा एकेरी सामने, प्रत्येकाचा एक गुण, आणि चार गुण प्रथम गाठणारा संघ विजयी. चाळीस-चाळीस झाल्यावर ॲडव्हांटेज नाही; पुढील एका गुणावर गेमचा निकाल लागतो. खेळाडूंचा क्रम त्यांच्या गुणवत्तेप्रमाणेच लावावा लागतो, तेव्हा सर्वांत बलवान खेळाडू सहाव्या जागी लपवून ठेवण्याची लबाडी चालत नाही. फलतः तीन-तीन अशी बरोबरी झाली की, कधीकधी सहाव्या क्रमांकाच्या, एरवी कोणाला नावही ठाऊक नसलेल्या खेळाडूच्या मैदानाभोवती सारा संघ गोळा होतो, आणि त्याचा गुण पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूच्या गुणाइतकाच मोलाचा ठरतो.

एप्रिलमध्ये निरनिराळ्या विद्यापीठगटांच्या स्पर्धा होतात. त्यांतील विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा मिळते आणि उरलेल्या जागा मोसमभरच्या कामगिरीवरून समिती भरते. चौसष्ट संघ मे महिन्यात मैदानात उतरतात. मानांकित सोळा विद्यापीठांच्या गावी पहिल्या दोन फेऱ्या होतात, पुढच्या फेरीनंतर आठ संघ शिल्लक उरतात आणि अखेरचे सामने एका ठिकाणी भरतात. पराभव झाला तर तो संपूर्ण संघाचा, आणि पुढे गेला तर संपूर्ण संघ पुढे.

या शाळेत आपली माणसेही शिकून आली आहेत. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णासमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक तिने मिळविले; पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघात होता; आणि महाराष्ट्राबाहेरचा सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठात असताना २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोनदा तेथील राष्ट्रीय एकेरीचे विजेतेपद पटकावले. आपल्या गुणी मुलांना सागरापलीकडे जावे लागते, याचे एक कारण शिष्यवृत्ती हे आहेच. पण मोसम म्हणण्याजोगा मोसम तेथेच मिळतो, हे दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते.

अमेरिकेची नक्कल पुसदला करता येणार नाही, आणि तसा आग्रह धरणे हास्यास्पद होईल. तथापि पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा आणि यवतमाळ येथील महाविद्यालयांनी अमरावतीच्या सामन्यांपूर्वी रविवारी रविवारी एकमेकांकडे जाऊन चार एकेरी व एक दुहेरी अशा लढती साखळी पद्धतीने खेळाव्यात, इतके तरी विद्यापीठाच्या हुकमाची वाट न पाहता होऊ शकते. त्याला मुरुमाच्या काही गाड्या, एक जाळी, चेंडूंचे डबे आणि बसभाडे एवढाच खर्च येईल. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. मैदान वाळून खेळण्याजोगे होते त्याच सुमारास हिवाळी परीक्षा दाराशी येतात, आंतर-विद्यापीठ स्पर्धांचे दिवसही बहुधा तेथेच घुटमळत असतात, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलाला चार रविवार बाहेरगावी पाठवा असे त्याच्या वडिलांना सांगण्यास कोणता प्राध्यापक धजेल, हा प्रश्न ज्या महाविद्यालयाला सोडवता येईल, त्यानेच ही साखळी सुरू करावी.