हिरड्यांची निगा (भाग ६) : ओव्यातला थायमॉल कुठवर पोहोचतो?

दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत राहणारा पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस हा जिवाणू मागच्या भागात आपण पाहिला. त्याला प्राणवायू सोसत नाही, म्हणून तो खोल फटीत घर करतो. ओवा, लवंग, पुदिना यांच्या तेलांनी तो मरतो का?

काचेच्या बशीत मरतो, हे नक्की. ओवा तळहातावर चोळला की जो झणझणीत वास येतो, तो मुख्यतः थायमॉलचा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात ‘ओव्याचे फूल’ म्हणून मिळणारे पांढरे स्फटिक म्हणजे हाच थायमॉल. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीतले कारखाने भारतातून ओवा मागवून तो काढत. लवंगेतले युजेनॉलही त्याच्यासारखेच फिनॉलच्या कुळातले. दातांच्या दवाखान्यात शिरताच जाणवतो तो वास त्याचा.

हे पदार्थ पाण्यात जेमतेम विरघळतात, स्निग्ध पदार्थांत मात्र सहज शिरतात. जिवाणूच्या पेशीभोवतीचे पटल स्निग्धच असते. थायमॉल त्यात घुसला की पटल सैल पडते, आतले पोटॅशियम आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. प्रतिजैविके बहुधा एखाद्याच नेमक्या ठिकाणी घाव घालतात, आणि तो चुकवायला जिवाणू शिकतो. अख्खे पटल बदलणे त्याला तितके सोपे नाही. मला या तेलांचे मोल वाटते ते यासाठी.

पण तोंड म्हणजे काचेची बशी नव्हे. तिथे जिवाणू सुटे नसतात; स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात ते दाटीने राहतात, आणि वरून आलेले औषध या थरात सावकाश मुरते. चूळ तर अर्ध्या मिनिटाची. शिवाय ती हिरडीच्या कडेखाली फार खोल उतरत नाही.

तरीही तिचा उपयोग होतो. 1879 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जोसेफ लॉरेन्स यांनी तयार केलेल्या लिस्टरिनमध्ये थायमॉल, मेंथॉल, निलगिरीतले युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट असते. थायमॉलचे प्रमाण अवघे 0.064 टक्के. सहा-सहा महिन्यांच्या चाचण्यांत, ब्रशच्या जोडीला अशी चूळ भरणाऱ्यांच्या दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली. ‘ब्रशच्या जोडीला’ हे शब्द महत्त्वाचे. दातावर घट्ट बसलेले कीटण कोणत्याच तेलाने निघत नाही. ते दंतवैद्याने खरवडूनच काढावे लागते.

लवंगेच्या निव्वळ तेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवू नका. नाजूक त्वचा भाजते. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाने ते तेल प्यायले तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. आणि ब्रश करताना रोज रक्त येत असेल, तर चुळा भरत महिने घालवू नका, हिरड्या तपासून घ्या.

पुढील भागात : मधुमेह आणि हिरड्या.