अंथरुणातली अंघोळ

रुग्णाला अंथरुणातच स्पंजिंग करायचं, तर आधी पंखा बंद करावा आणि पडदा ओढून घ्यावा. पाणी कोमट हवं. अंगावर चादर राहू द्यावी आणि जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करावा. बोलता न येणाऱ्या माणसालाही लाज असते. सुरुवात डोळ्यांपासून, साबण न लावता, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर. गुप्तांगांची स्वच्छता शेवटी, पाणी बदलून, हातमोजे घालून. स्त्रियांना पुढून मागेच पुसावं, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतुसंसर्गाचा धोका असतो.

पाठ पुसताना मात्र घाई नको. माकडहाड, खुबे आणि टाचा इथली त्वचा उजेडात नीट बघावी. लाल झालेला भाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, तर ती बेडसोअरची सुरुवात असू शकते. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा किंवा कडकपणा ओळखावा. असा भाग चोळू नये. तेल लावून रगडण्याची आपल्याकडची सवय इथे अपाय करते. रुग्णाची कूस बदलून नर्सला लगेच सांगावं.

अर्धांगवायूच्या रुग्णाला सदरा घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. ज्या हातात बळ आहे, त्यात ओला रुमाल देऊन चेहरा त्यांचा त्यांना पुसू द्यावा, कितीही वेळ लागो. बेशुद्ध रुग्णाचं तोंड साफ करताना त्याला कुशीवर वळवावं आणि तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.