४२६ जन्मांतली चार बाळं

मे २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या डॉक्टरांना सावधगिरीची सूचना दिली. तिच्या मुळाशी होती आफ्रिकेतल्या बोट्सवानात जन्मलेली चार बाळं. गर्भधारणा झाली तेव्हा त्यांच्या आया एचआयव्हीवरचं डोल्युटेग्रॅविर हे नवं औषध घेत होत्या. अशा ४२६ बाळंतपणांपैकी चार बाळांच्या मेंदूच्या किंवा पाठीच्या कण्याच्या घडणीत जन्मजात दोष आढळला होता.

जगाला या औषधाची वाट होती, म्हणून धक्काही मोठा होता. डोल्युटेग्रॅविर विषाणूला लवकर आटोक्यात आणतं, त्याचा त्रास कमी होतो आणि त्याला न जुमानणारे विषाणू सहसा तयार होत नाहीत. इतर दोन औषधांसह ते एकाच गोळीत देता येतं. भारतात औषधं बनवणाऱ्या कंपन्यांमुळे ही गोळी गरीब देशांना माणशी वर्षाला सुमारे ७५ डॉलरमध्ये देण्याचा करार सप्टेंबर २०१७मध्ये जाहीर झाला होता. लाखो रुग्णांना त्या गोळीवर आणण्याची तयारी चालू असतानाच हा आकडा समोर आला.

तो हाती लागला त्सेपामो नावाच्या अभ्यासामुळे. ऑगस्ट २०१४मध्ये बोट्सवानातल्या आठ सरकारी रुग्णालयांत तो सुरू झाला. तेव्हा त्याचा रोख इफॅव्हिरेन्झ या जुन्या औषधावर होता. त्यामुळे गर्भात दोष निर्माण होतो, अशी भीती बरीच वर्षं होती आणि तिचा एकदाचा निकाल लावायचा होता. काम कष्टाचं होतं. रुग्णालयातल्या प्रत्येक जन्माची नोंद ठेवायची. आईला एचआयव्ही आहे का, असल्यास कोणतं औषध आणि ते कधीपासून, हे टिपायचं. परिचारिकांनी बाळ नखशिखान्त तपासायचं. दोष दिसला तर आईच्या संमतीने छायाचित्र घ्यायचं आणि ते तज्ज्ञाकडे पाठवायचं. आई कोणतं औषध घेत होती हे त्या तज्ज्ञाला कळू द्यायचं नाही. मनातला संशय निदानात उतरू नये, यासाठी ही काळजी.

ज्या नळीसारख्या रचनेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्यामुळे गरोदरपण लक्षात आल्यावर सुरू केलेल्या औषधाने या दोषाबद्दल काही कळत नाही. गर्भ राहण्याआधीपासून औषध चालू असलेल्या स्त्रियाच पाहाव्या लागतात. बोट्सवानाने डोल्युटेग्रॅविर पहिल्या पसंतीचं औषध म्हणून २०१६मध्ये आणलं, तेव्हा अशा स्त्रिया थोड्याच होत्या.

त्यांच्याबद्दलचा आकडा सविस्तर मांडला गेला तो एका परिषदेत. परिषदेत शोधनिबंध मांडणं म्हणजे स्लाइड दाखवून टाळ्या घेणं, असं बाहेरून वाटू शकतं. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या परिषदांत त्याची सुरुवात काही महिने आधी होते. अडीच-तीनशे शब्दांचा गोषवारा पाठवायचा आणि तो त्या विषयातल्या जाणकारांनी तपासायचा. निवडलेल्यांपैकी बहुतेकांना पोस्टर लावायला जागा मिळते, मोजक्यांना व्यासपीठ. तिथे साधारण दहा मिनिटांत सगळं सांगायचं असतं: प्रश्न काय होता, कोणाला मोजलं, कशाशी तुलना केली, काय सापडलं आणि कुठे चूक असू शकते. मग श्रोते माइकपाशी येतात. एड्स परिषदेत त्यांच्यात संशोधक आणि अधिकाऱ्यांबरोबर ते औषध रोज घेणारी माणसंही असतात.

जुलै २०१८मध्ये ॲमस्टरडॅमच्या एड्स परिषदेत या अभ्यासाच्या डॉ. रिबेका झॅश यांनी ही माहिती मांडली. साथरोगशास्त्रात एखादा आकडा कसा मांडला जातो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. चार भागिले ४२६ म्हणजे ०.९४ टक्के. एचआयव्हीची इतर औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.१२ टक्के होतं. ‘धोका जवळजवळ आठपट’ असं म्हटलं तर अंगावर काटा येतो. ‘शंभरातल्या नव्याण्णवहून अधिक बाळांना हा दोष नाही’ असं म्हटलं तर जीव भांड्यात पडतो. दोन्ही विधानं त्याच आकड्यांतून निघतात, म्हणून दोन्ही शेजारी ठेवावी लागतात.

तिसरी गोष्ट अनिश्चिततेची. एरवीच्या प्रमाणाने ४२६ जन्मांत असं अर्धं बाळ अपेक्षित होतं, म्हणजे एक किंवा एकही नाही. प्रत्यक्षात चार सापडली. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नव्हता. पण संख्या इतकी लहान होती की खरं प्रमाण ०.३७पासून २.४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकेल, असं गणित सांगत होतं. ॲमस्टरडॅमपर्यंत आणखी जन्मांची नोंद झाली. बाळं चारच राहिली, एकूण जन्म ५९६ झाले आणि प्रमाण ०.६७ टक्क्यांवर आलं.

दरम्यान अनेक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध देताना हात आखडता घेतला. याच जुलैत रवांडातल्या किगालीला १८ देशांतल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या ३९ आफ्रिकी स्त्रिया जमल्या. धोका आणि फायदा दोन्ही आम्हाला सांगा, निर्णय आम्हाला घेऊ द्या, सरसकट बंदी नको, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांच्या बाळंतपणांतून ती संख्या आली होती, त्यांच्यासारख्याच स्त्रिया आता तिचा अर्थ लावण्यात वाटा मागत होत्या. ही मागणी न्याय्य होती. औषध नाकारण्यातही धोका असतोच, आणि तो धोकाही त्यांच्याच वाट्याला येणार होता.

अभ्यास थांबला नाही. रुग्णालयं आठावरून अठरापर्यंत वाढली आणि देशातले सुमारे सत्तर टक्के जन्म नोंदीत येऊ लागले. जुलै २०१९मध्ये मेक्सिको सिटीच्या परिषदेत नवा आकडा मांडला गेला: १,६८३ जन्मांत पाच, म्हणजे ०.३० टक्के. फरक उरला होता, पण पुष्कळ आकसला होता. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने सर्व प्रौढांसाठी, गरोदर आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसह, डोल्युटेग्रॅविरला पहिली पसंती दिली. २०२०मध्ये ३,५९१ जन्मांत सात, म्हणजे ०.१९ टक्के. २०२२मध्ये माँट्रियलला ९,४६० जन्मांत दहा, म्हणजे ०.११ टक्के. इतर औषधं घेणाऱ्या स्त्रियांतही प्रमाण तेवढंच होतं. फरक पुसला गेला होता.

वजाबाकी करून पाहिली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पहिल्या ४२६ जन्मांत चार बाळं, आणि नंतरच्या नऊ हजारांहून अधिक जन्मांत फक्त सहा. मग २०१८मध्ये आकडा मांडायला नको होता का? मांडायलाच हवा होता. धोका खरा निघाला असता तर गप्प राहण्याची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली असती. संशोधकांचं श्रेय दुहेरी आहे. त्यांनी शंका कच्ची असतानाच उघड केली, आणि ती विरत गेली तसं तेही तितक्याच ठळकपणे पुढच्या परिषदांत येऊन सांगितलं. पहिली बातमी जगभर गाजते आणि तिचा उत्तरार्ध कोपऱ्यात जातो, हा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून हे परत येणं मोलाचं.

या कहाणीत पुण्याचाही वाटा आहे. गरोदर स्त्रियांत डोल्युटेग्रॅविर आणि इफॅव्हिरेन्झची थेट तुलना करणारी चाचणी नऊ देशांत ६४३ स्त्रियांवर झाली. भारतातून तिच्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचं केंद्र सहभागी होतं. २०२०मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीच्या वेळी विषाणू आटोक्यात असलेल्या स्त्रिया डोल्युटेग्रॅविरच्या गटांत ९८ टक्के होत्या, तर इफॅव्हिरेन्झच्या गटात ९१ टक्के. आईच्या रक्तात विषाणू जितका कमी, तितका बाळाला लागण होण्याचा धोका कमी. भारताच्या २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी डोल्युटेग्रॅविरच्या एकत्रित गोळीला पहिली पसंती आहे.

मूळ अडचण मात्र जुनीच आहे. नव्या औषधाच्या चाचणीत गरोदर बाई सहसा घेतली जात नाही, मधेच दिवस गेले तर तिला वगळलं जातं. अमेरिकेत डोल्युटेग्रॅविरला मान्यता मिळाली २०१३मध्ये, आणि गर्भधारणेच्या वेळचा पहिला ठोस प्रश्न विचारला गेला २०१८मध्ये. याला अपवादही दिसतो. जुलै २०२४मध्ये म्युनिकच्या परिषदेत लेनाकापाविर या, एचआयव्हीपासून बचाव करणाऱ्या सहामाही इंजेक्शनच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींनी ते घेतलं, आणि त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. या चाचणीत गरोदर राहिलेल्या स्त्रियांना संमती देऊन पुढे चालू राहण्याची मुभा होती.