एकच गोळी, निराळे देह

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात आणि म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांच्या डब्यात आता बरीच नावे सारखी दिसतात : एनालाप्रिल, फ्युरोसेमाइड, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोपिडोग्रेल. प्राण्यांसाठी बनवलेली गोळी मिळत नसेल तर पशुवैद्य माणसांचीच गोळी लिहून देतात आणि ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणली जाते. त्यातून एक समजूत नकळत रुजते : गोळी तीच, प्राणी लहान, म्हणून तुकडा लहान. हृदयाच्या औषधांबाबत ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून ती तपासून पाहायला हवी.

आधी मात्रेचे गणित पाहू. एनालाप्रिल हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध. या गटाचे मूळ ब्राझीलमधल्या जराराका या सापाच्या विषावरील संशोधनात आहे. कुत्र्याला ते एका वेळी दर किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम देतात. म्हणजे दहा किलोच्या स्पिट्झला पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसालाही डॉक्टर पुष्कळदा पाच मिलिग्रॅमनेच सुरुवात करतात. वजनाचे त्रैराशिक इथे कोलमडते. मांजराच्या रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनची सुरुवातीची नेहमीची मात्रा ०.६२५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीचा हा आठवा भाग. घाईत अख्खी गोळी गेली तर मांजराच्या पोटात एकदम आठ दिवसांचे औषध जाते.

मात्रेइतकाच देहाचा स्वभावही महत्त्वाचा. काही औषधे निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली एक वाट मांजरात फार अरुंद असते. माणूस हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज घेतो. मांजराला पशुवैद्य ती देतात तेव्हा दोन गोळ्यांत सहसा तीन दिवसांचे अंतर ठेवतात. पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी तर मांजराचा जीव घेऊ शकते. आपल्या देशाला हा धडा गिधाडांनी दिला आहे. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली. २००४ साली हे कारण प्रसिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एका देहाला सोसणारे औषध दुसऱ्या देहाला विष ठरते, याचा याहून मोठा दाखला कुठला?

मांजराचा वाढलेला रक्तदाब बहुधा दुसऱ्या आजाराच्या पाठीमागून येतो. जुना मूत्रपिंडविकार आणि थायरॉइडचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे. वरचा आकडा पुन्हा पुन्हा १६०च्या पुढे राहिला की औषधाचा विचार करतात. मात्र डोके दुखते, गरगरते असे मांजर सांगत नाही. कित्येक घरांत आजार कळतो तो मांजर अचानक आंधळे झाल्यावर. बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि चालताना ते खुर्चीच्या पायाला धडकते. दाबामुळे दृष्टिपटल जागचे सुटलेले असते. म्हणून म्हाताऱ्या मांजराचा दाब मोजून घ्यावा. पट्टा पुढच्या पायाला किंवा शेपटीला बांधतात. मांजराला आधी काही मिनिटे शांत बसू देऊन चारपाच वेळा मोजल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

लहान चणीच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाची डावी झडप जाड होऊन गळू लागते. यावर पिमोबेंडान हे औषध देतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११ देशांतली ३६० कुत्री होती. त्यांचे हृदय मोठे झालेले होते, पण लक्षणे नव्हती. औषध मिळालेल्या कुत्र्यांत हृदय थकण्याची वेळ सुमारे १५ महिने पुढे गेली. इथेच पाळणाऱ्याची कसोटी लागते. कुत्रे धडधाकट दिसते, उड्या मारते, तरी दिवसातून दोनदा, जेवणाआधी तासभर गोळी द्यायची असते. ‘आता बरे आहे’ म्हणून ती परस्पर बंद करणे हीच मोठी चूक.

फुप्फुसात पाणी साचू लागले की लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, सुरू होते. कुत्रे खूप पाणी पिते, रात्री घर ओले करते आणि वैतागून कोणीतरी पाण्याचे भांडे उचलून ठेवते. तसे कधीही करू नये. पाण्यावाचून ही गोळी मूत्रपिंडांवर उलटते, जोडीला एनालाप्रिल असेल तर धोका वाढतो. गोळ्या सुरू झाल्यावर एकदोन आठवड्यांत रक्ततपासणी सांगतात ती यासाठीच. प्राण्याने खाणे सोडले, उलट्या किंवा जुलाब झाले, तर पुढची गोळी देण्याआधी पशुवैद्याला फोन करावा. घरातली आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत.

गोळी कशात लपवावी, हा रोजचा प्रश्न. चीज, सॉसेज, शेव यांत मीठ फार असते आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा बरा. दिवाळीच्या दिवसांत बेदाण्याचा लाडू पुढे करू नये, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. मांजराला कोरडी गोळी गिळवली तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. मागून चमचाभर पाणी पाजावे.

दुकानातही डोळे उघडे हवेत. त्याच नावापुढे ‘एटी’ किंवा ‘एच’ ही अक्षरे जोडली की त्या गोळीत दुसरे औषधही मिसळलेले असते. सावकाश विरघळणारी गोळी तोडली तर दिवसभराचे औषध एकदम सुटते. गोळी द्यायची राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. चवदार केलेल्या गोळ्यांचे पाकीट कुत्रे अख्खे फस्त करू शकते, तेव्हा डबा उंचावर ठेवावा.

डॉक्टर रोग्याला जे विचारतात, ते इथे पाळणाऱ्याने पाहून सांगायचे असते. त्याला सर्वांत उपयोगी साधन म्हणजे घड्याळ. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजावे आणि वहीत लिहावे. तीसच्या आत असेल तर बहुधा ठीक. तो आकडा रोज चढत असेल, किंवा तीसच्या वर टिकून राहिला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला कळवावे. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले तर वही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा. फटाक्यांच्या रात्री घाबरलेल्या जनावराचा श्वास मोजून काही कळत नाही. खिडक्या लावून त्याला आतल्या खोलीत घ्यावे, ठरलेली गोळी ठरल्या वेळी द्यावी आणि त्याला झोप लागली की मग मोजावे.