अवयव-स्थिरीकरण आणि स्नायुक्षय

हाड मोडल्यास वा सांधा निखळल्यास हात अथवा पाय प्लास्टरने किंवा आधारपट्टीने हालचालरहित ठेवण्यास अवयव-स्थिरीकरण म्हणतात. हाड जुळण्यासाठी ते आवश्यक असते. परंतु त्या काळात न वापरलेले स्नायू क्षीण होतात व शरीराची उष्णतानिर्मितीही काहीशी घटते. मज्जातंतू तुटल्याने होणाऱ्या स्नायुक्षयाहून हा प्रकार वेगळा असून तो बहुतांशी भरून येतो.

स्नायूंचा ऱ्हास

स्नायूंमधील प्रथिने सतत झिजतात व नव्याने घडतात. हालचाल थांबताच नवी प्रथिने घडण्याचा वेग मंदावतो आणि आहारातील प्रथिनांना मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो. नेदरलँड्समध्ये निरोगी तरुणांच्या एका पायाला प्लास्टर घालून केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मांडीच्या पुढील स्नायूंचे छेदक्षेत्र ५ दिवसांत सुमारे ३.५ टक्के, तर १४ दिवसांत सुमारे ८ टक्के घटले. ताकद मात्र अनुक्रमे सुमारे ९ व २३ टक्के कमी झाली. म्हणजे पाय बारीक दिसण्याआधीच तो दुबळा होतो; मेंदूकडून स्नायूला मिळणारी चालनाही मंदावते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

स्नायू कोणत्या स्थितीत बांधला जातो, यालाही महत्त्व आहे. आखडलेल्या स्थितीत बांधलेला स्नायू ताणलेल्या स्नायूपेक्षा अधिक झिजतो व आखूड होतो.

उष्णतानिर्मिती

स्नायू काम करतात तेव्हा वापरलेल्या ऊर्जेचा सुमारे पाऊण भाग उष्णतेत जातो. थंडीत कुडकुडणे हे याच गुणाचे रूप होय. विश्रांतीत मात्र एक किलो स्नायू दिवसाला अंदाजे १३ किलोकॅलरीच खर्च करतो. त्यामुळे एका पायाच्या क्षयाने संपूर्ण शरीर थंड पडते, ही समजूत अतिशयोक्त आहे. खरी घट हालचाल थांबल्याने होते. अमेरिकेत १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार निरोगी पुरुषांना कमरेपासून पायापर्यंत ६ ते ७ आठवडे प्लास्टरमध्ये ठेवले असता त्यांचा मूलभूत चयापचय सरासरी सुमारे ७ टक्के घटला. प्लास्टर ओले असताना जाणवणारी ऊब शरीराची नसते. ती प्लास्टर घट्ट होतानाच्या रासायनिक क्रियेची असते.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव धुळे–सोलापूर महामार्गावर असून येथून केज व अंबाजोगाईकडे रस्ता फुटतो. या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तोडणी करणारी जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते आणि तिने मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. एकाचा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला, की पाच-सहा महिन्यांच्या हंगामाचा मोठा भाग जातो, उचल मात्र फिटायची राहते. त्यातच हंगामातील थंडीत कोपीमध्ये निश्चल पडून राहणाऱ्याला श्रमाची ऊब मिळत नाही.

त्यामुळे प्लास्टर निघताच पुन्हा मोळी उचलण्याची घाई होते. हाड जुळलेले असले तरी स्नायू तेव्हा दुबळाच असतो आणि उतारावर तोल जाण्याचा धोका वाढतो. ताकद परत येण्यास बहुधा स्थिरीकरणापेक्षा अधिक काळ लागतो. वृद्धांत तर त्याहून अधिक. वैद्यकीय सल्ल्याने प्लास्टरमध्येच सांधा न हलवता स्नायू आवळणे व सैल सोडणे, मोकळी बोटे हलवणे आणि डाळी, अंडी, दूध यांतून पुरेशी प्रथिने घेणे यांनी ऱ्हास काही अंशी रोखता येतो.