शिलालेखांचे छायाचित्रण आणि ट्रायपॉडचे पाय

बीदर परिसरातील फारसी-अरबी शिलालेखांच्या अभ्यासात दगडासमोर जाणारा वेळ थोडा आणि घरी छायाचित्रासमोर जाणारा वेळ फार असतो. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यज़दानी यांचा बीदरच्या वास्तूंवरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या अभ्यासकांनाही छायाचित्रावाचून गत्यंतर राहिलेले नाही. छायाचित्र किंचित जरी हलले तरी सर्वांत आधी नुक़्ते नाहीसे होतात. ‘नबी’ आणि ‘बनी’ या दोन शब्दांचा सांगाडा एकच आहे. पहिल्यात वरचा नुक़्ता आधी व खालचा नंतर, दुसऱ्यात नेमके उलट. हे दोन ठिपके पुसट झाले की ‘पैगंबर’ वाचावे की ‘वंशज’, हा निर्णय केवळ संदर्भावर सोडावा लागतो. जुन्या लेखांत नुक़्ते मुळातच कमी दिलेले असतात, म्हणून जे आहेत ते गमावणे परवडत नाही.

अष्टूर येथील अहमद शाह वली (मृत्यू १४३६) यांच्या मकबऱ्यात आतील भिंतींवर सोनेरी सुलेखन आहे, परंतु उजेड बेताचाच. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचा पडदा एक ते चार सेकंद उघडा ठेवावा लागतो. कोरीव लेखासाठी उजेड बाजूने तिरपा टाकतात, म्हणजे अक्षरांची सावली पडते. त्यालाही वेळ लागतोच. या वेळात कॅमेरा स्थिर राहणे हे ट्रायपॉडचे काम. महागडा ट्रायपॉड घेतला की प्रश्न मिटला, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात जमिनीला टेकतात ते तीन रबरी तुकडे, आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. काही वर्षांनी हे रबर कडक व गुळगुळीत होते, त्याला भेगा पडतात किंवा ते एका कडेनेच झिजते. एखादा पाय प्रवासात गळून पडतो तो वेगळाच. एक पाय बदलायचा झाल्यास तिन्ही बदलावेत. नवे आणि जुने रबर सारखे दबत नाही.

बदली पाय दोन प्रकारचे असतात. काही नळीवर टोपणासारखे बसतात, काही आट्यांनी फिरवून बसवतात. टोपणाच्या प्रकारात नळीचा बाहेरील व्यास मोजून त्यापेक्षा किंचित कमी आतील व्यासाचे टोपण घ्यावे, म्हणजे ते घट्ट बसते. वृद्धांच्या काठीचे रबरी टोपण स्वस्त मिळते व पुष्कळदा बसतेही. मात्र त्याचा तळ सपाट असतो आणि ट्रायपॉडचा पाय तिरपा उभा राहतो, त्यामुळे फक्त कड टेकते आणि ती लवकर झिजते. यासाठी गोलसर तळाचे टोपण अधिक योग्य. आट्यांच्या प्रकारात ३/८ इंच व १/४ इंच ही मापे पुष्कळ आढळतात, पण सर्व कंपन्या एकच माप पाळत नाहीत. जुना पाय काढून दुकानात सोबत न्यावा, हा सर्वांत खात्रीचा उपाय. जबरदस्तीने फिरवल्यास नळीच्या आट्या बिघडतात.

जमीन कोणती, यावरही निवड अवलंबून असते. लोखंडी टोकाचा पाय म्हणजे अधिक स्थिर पाय, हे भालकी-हुलसूर भागातील काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात खरे आहे. टोक दाबून बसवले की ट्रायपॉड सरकत नाही. पावसाळ्यात तीच माती टोकाला हळूहळू गिळते आणि दोन सेकंदांत चौकट खाली सरकते. तेथे पायाखाली शहाबादी फरशीचे छोटे तुकडे ठेवावेत. आपल्या भागात ते कोठेही मिळतात. वास्तूच्या आत लोखंडी टोक कदापि वापरू नये. बीदरचा जांभा दगड सच्छिद्र आहे, टोकाने त्याचे कण सुटतात, आणि गुळगुळीत फरशीवर टोक सरकतेही. येथे रुंद रबरी पायच हवेत. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, ती आधीच घ्यावी. मशिदीतील जाड गालिच्यावर मात्र रबरही डुलते. जबाबदार व्यक्तीच्या संमतीने गालिचा बाजूला सारावा, नाही तर तिन्ही पाय एका स्वच्छ फळीवर ठेवावेत.

नवे पाय बसवल्यावर चाचणी सोपी आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहा पट मोठे चित्र घेऊन ट्रायपॉडच्या डोक्यावर बोटाने हलकी टिचकी मारावी. थरथर क्षणात विरली व चित्र मूळ जागी आले, तर पाय योग्य. चित्र किंचित बाजूला राहिले, तर एखादा पाय सरकतो आहे किंवा त्याची आटी सैल आहे. बटण दाबल्यानेही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावूनच लेखाचे छायाचित्र घ्यावे.