आठ हजार वेढे

रब्बीचं पाणी चालू असताना विहिरीवरची मोटार जळाली, की परतूरसारख्या तालुक्याच्या गावी ती थेट रिवाइंडिंगच्या दुकानात येते. एखादा फेज गेलेला असतो, नाहीतर व्होल्टेज पडलेलं. कारागीर काळी पडलेली तार उपसतो, वेढे मोजतो, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळतो, स्लॉटमध्ये बसवून वार्निश देतो. मोटार भरून तयार!

याच बाकावर इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप ठेवलं, तर त्याला ते अगदीच परकं वाटणार नाही. चुंबक, फर्मा, तांब्याची तार, वेढे. काम मात्र उलटं. पंपात वीज घालून फिरणं मिळवायचं. इथे गिटारची पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व, आणि ऐकायला मिळतं संगीत!

आता आकडे बघा. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका पिकअपवर साधारण आठ हजार वेढे असतात. तार ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीची. मल्टिमीटर लावला तर सहा हजार ओहमच्या आसपास रोध दिसतो. या तारेचा रोध मीटरला ५.४ ओहम, भागाकार केला की लांबी निघते अकराशे मीटर. बोटभर लांबीच्या वस्तूत किलोमीटरभर तार, आणि वजन जेमतेम तीस ग्रॅम!

ही तार अमेरिकेत ४२ नंबरची. आपल्याकडे दुकानात ४२ नंबर मागाल तर फसाल, कारण इथे ब्रिटिश गेज चालतो आणि त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची. तीन हजार वेढ्यांतच बॉबिन भरून जाईल. मागायची ती ४६ नंबर.

आठ हजार वेढे हातानं कोण घालणार? १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बीचमनं पहिल्या यशस्वी पिकअपची कॉइल गुंडाळली, ती कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार लावून, असं सांगतात. त्याचा सहकारी पॉल बार्थ म्हणायचा, मोटार शिलाई मशीनची होती. मला बार्थचं पटतं. शिलाईची मोटार आजही या कामाला उत्तम: पायानं वेग आवरता येतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मिनिटाला हजार फेरे धरले तर आठ मिनिटांत काम संपतं. मोजणीसाठी आसाला चिमुकलं चुंबक आणि शेजारी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच. तो जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला जोडायचा. १ + १ दाबून ठेवलं की पुढे दर फेऱ्याला आकडा एकानं वाढतो. वेग फार वाढवला तर मात्र कॅल्क्युलेटर मागे पडतो.

अवघड आहे ते पुढे. तारेचं रीळ फिरू द्यायचंच नाही. ते जमिनीवर उभं ठेवायचं आणि तार वरून सुटू द्यायची. फिरतं रीळ एका झटक्यात ही तार तोडतं. मग चिमटीत नमद्याचा तुकडा, त्यातून तार आणि हात सतत डावी-उजवीकडे. ताण कमी पडला तर वेढे सैल राहतात आणि मोठ्या आवाजात पिकअप शिट्टी मारतं. जास्त झाला तर तार ताणून बारीक होते, नाहीतर तुटते, आणि पहिल्यापासून सुरुवात. वेढे एकाशेजारी एक काटेकोर बसले, तर कॉइलची धारकता वाढून स्वराची धार बोथट होते. जरा विस्कळीत बसले तर आवाज मोकळा येतो, असं हे काम करणारे सांगतात.

पंपाच्या कारागिराला हे ऐकून धक्काच बसेल. त्याच्या एका फेजमध्ये वेढे कमी पडले तर करंट असमान होतो, मोटार तापते आणि गिऱ्हाईक आठवड्यात परत दारात. आणि गिब्सन या गिटार कंपनीत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिकअप गुंडाळणाऱ्या काही यंत्रांना आपोआप थांबणारा काउंटरच नव्हता. बॉबिन भरलेलं दिसलं की थांबायचं. साहजिकच एकाचे वेढे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्या पिकअपना आज हौशी वादक लाखाच्या घरात पैसे मोजतात.